समोर ठेवलेलं कार्ड

लंडनच्या आल्बेमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशन नावाची संस्था आहे. तिथल्या अर्धगोल व्याख्यानगृहात पावणेदोनशे वर्षांपूर्वी शुक्रवारी रात्री मायकेल फॅरेडेचं भाषण असलं की जागा मिळायची मारामार. भाषण रंगात यायचं, बोलणाऱ्याची गाडी नकळत जोरात धावू लागायची आणि मग त्याचा मदतनीस सार्जंट अँडरसन शांतपणे पुढे येऊन टेबलावर एक कार्ड ठेवायचा. त्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिलेला असायचा, हळू. तास संपत आला की दुसरं कार्ड पुढे यायचं, वेळ.

ही सोय फॅरेडेनं स्वतःच लावून घेतली होती. अँडरसन हा तोफखान्यातला निवृत्त शिपाई. सांगितलेलं काम पार पाडण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हता. एकदा फॅरेडे त्याला घरी जा म्हणायला विसरला, तर हा गडी रात्रभर भट्टीत कोळसा घालत बसला, अशी गोष्ट सांगतात. कार्ड दाखवायला असाच माणूस हवा. समोर किती मोठे लोक बसलेत याची भीड त्याला पडणार नाही.

आपल्याला फॅरेडे माहीत असतो तो दहावी-बारावीच्या पुस्तकातला. कॉइल, चुंबक, गॅल्व्हानोमीटरचा हललेला काटा, आणि मार्कांसाठी पाठ केलेला नियम. विज्ञान समजावून सांगणाऱ्यांमध्ये त्याचं नाव आजही वरच्या ओळीत घेतलं जातं, हेही कुठेतरी ऐकलेलं असतं. मग आपण सहज म्हणून टाकतो, देणगी असते एकेकाला. फॅरेडेच्या बाबतीत हे साफ चूक आहे. त्यानं बोलणं आणि लिहिणं शिकून घेतलं, एखादा कारागीर हत्यार धरायला शिकतो तसं. त्यासाठी वर्षं घालवली, पैसे मोजले, मित्रांकडून चुका काढून घेतल्या. आणि एकदा लिहिण्यातल्या एका चुकीपायी आपलं नावही जवळपास गमावलं.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या सीमेवरच्या न्यूइंग्टन बट्स भागातला. वडील लोहार, तेही सतत आजारी. चार भावंडांतला हा तिसरा. शाळा म्हणाल तर वाचणं, लिहिणं आणि थोडं गणित, बस. तीही धड पार पडली नाही. लहानग्या मायकेलला र म्हणता यायचा नाही, त्यामुळे थोरल्या भावाचं, रॉबर्टचं नाव तो चुकीचं उच्चारायचा. बाईंनी छडी वापरायची ठरवली आणि ती विकत आणायला रॉबर्टलाच पाठवलं. रॉबर्टनं ती आईला जाऊन सांगितलं आणि आईनं दोघांनाही शाळेतून काढलं, असं त्याच्या चरित्रांत येतं. पुढे हजारो लोकांना भाषणांनी बांधून ठेवणाऱ्या माणसाची सुरुवात ही अशी, बोबडेपणावरून छडी खाण्याची वेळ येण्यापासून.

१८०४ मध्ये तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या जॉर्ज रिबो यांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. रिबो पुस्तकं विकायचे आणि बांधायचे. वर्षभरात मायकेलची बाइंडिंगची उमेदवारी सुरू झाली, ती सात वर्षांची. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकात विजेवरचा लेख त्याला असाच सापडला. दुसरं सापडलं ते जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादाच्या रूपातलं पुस्तक. एक शिक्षिका आणि दोन मुली गप्पा मारतायत, मुली शंका विचारतायत, बाई उत्तरं देतायत, असा त्याचा थाट. मार्सेटबाईंनी स्वतः रॉयल इन्स्टिट्यूशनमधली व्याख्यानं ऐकून, ती आपल्याला नीट कळली नाहीत असं वाटल्यावर विषय समजून घेतला होता आणि मग हे पुस्तक लिहिलं होतं. पुस्तकातलं खरं की खोटं हे मायकेलनं आपल्या परीनं छोटे प्रयोग करून ताडून पाहिलं. सगळं खरं निघालं. पुढे प्रसिद्ध झाल्यावर तो आपले निबंध या बाईंना भेट म्हणून पाठवत असे.

तिसरं पुस्तक होतं आयझॅक वॉट्स यांचं, बुद्धी कशी घडवावी यावरचं. वही ठेवा, ऐकलेलं लिहून काढा, मित्राशी पत्रव्यवहार करा, शब्द नेमका वापरा, असे त्यातले सल्ले. अशी पुस्तकं आपणही वाचतो. दोन दिवस पेटून उठतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो. या पोरानं मात्र ते सल्ले अक्षरशः अमलात आणले.

१८१० पासून तो जॉन टॅटम नावाच्या गृहस्थांच्या घरी विज्ञानावरची व्याख्यानं ऐकायला जाऊ लागला. एका व्याख्यानाला एक शिलिंग फी. ती रॉबर्ट द्यायचा, जो आता बापासारखाच लोहारकाम करत होता. मायकेल तिथे टिपणं काढायचा, घरी येऊन ती विस्तारानं लिहायचा. उपकरणांच्या आकृत्या नीट जमेनात, तेव्हा रिबोंकडे भाड्यानं राहणाऱ्या मास्क्रिए नावाच्या फ्रेंच चित्रकाराकडून त्यानं यथार्थदर्शन शिकून घेतलं. बदल्यात त्याच्या बुटांना पॉलिश केलं, खोली झाडली. टिपणांच्या वह्या स्वतः बांधल्या. बाइंडिंग हाताशी होतंच!

या वह्यांनी त्याचं आयुष्य बदललं. रिबोंनी त्या कौतुकानं गिऱ्हाइकांना दाखवल्या आणि त्यातूनच विल्यम डान्स यांनी मायकेलला रॉयल इन्स्टिट्यूशनची तिकिटं दिली. सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्यानं, १८१२ च्या वसंतातली. डेव्ही म्हणजे त्या काळचे स्टार. देखणे, कवी मनाचे, सोडियम आणि पोटॅशियम वेगळं काढणारे. वीस वर्षांचा मायकेल गॅलरीत घड्याळाच्या वर बसून लिहीत राहिला.

त्याच वर्षी जुलैत त्यानं मित्राला, बेंजामिन अॅबटला पत्रं लिहायला सुरुवात केली. अॅबट कारकून होता, याच्यापेक्षा जास्त शिकलेला. दोघं एकाच शहरात राहत, भेटतही. तरी पत्रं लिहायची, कारण लिहिणं सुधारायचं होतं. आपलं व्याकरण कच्चं आहे, विरामचिन्हं कुठे द्यायची ते कळत नाही, मनातलं कागदावर येताना विस्कटतं, हे त्याला ठाऊक होतं. त्या पहिल्या पत्रांतच त्यानं स्वतः बनवलेल्या बॅटरीची हकिकत आहे. अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. आनंदानं उड्या मारत लिहिलेलं पत्र आहे ते, पण तरीही काय केलं, कशानंतर काय केलं, हे त्यात चोख आहे. वाचून आपल्यालाही ती बॅटरी करता येईल.

ऑक्टोबरात उमेदवारी संपली. दुसऱ्या एका बाइंडरकडे नोकरी मिळाली, पण मालक तापट. मायकेलला विज्ञानात काम करायचं होतं, कुठलंही. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांना त्यानं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. मग डेव्हींच्या व्याख्यानांची टिपणं त्यानं सुवाच्य अक्षरांत, आकृत्यांसह पुन्हा लिहिली, तीनशेहून जास्त पानांचा ग्रंथ बांधला आणि डिसेंबरमध्ये डेव्हींनाच पाठवून दिला. आजच्या भाषेत हा त्याचा सीव्ही. पण त्यात आपल्याविषयी एक अक्षर नव्हतं. तुम्ही जे बोललात ते मला किती समजलं, एवढंच त्यात होतं.

डेव्हींनी बोलावलं, भेटले आणि बाइंडिंगच करत राहा असा सल्ला दिला. काही आठवड्यांनी संस्थेतला प्रयोगशाळा मदतनीस मारामारीपायी कामावरून गेला आणि मार्च १८१३ मध्ये फॅरेडेला ती जागा मिळाली. आठवड्याला २५ शिलिंग, माळ्यावरच्या दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या.

आता त्याचं काम काय, तर व्याख्यात्यांच्या मागे उभं राहायचं, बाटल्या पुढे करायच्या, उपकरणं मांडायची. आपल्यातला एखादा कंटाळला असता. हा मात्र व्याख्यात्यांचाच अभ्यास करू लागला. त्या जूनमध्ये त्यानं अॅबटला या एकाच विषयावर ओळीनं काही लांबलचक पत्रं लिहिली. वय २१, स्वतः एकही व्याख्यान दिलेलं नाही आणि तरी लिहितोय व्याख्यान कसं द्यावं यावर. हे आगाऊपणाचं आहे, याची त्याला जाणीव होती. पण निरीक्षणं बघा. सुरुवात तो सभागृहाच्या हवेपासून करतो. कोंदट खोलीत माणसं अवघडून बसली, तर वक्ता कितीही चांगला असला तरी लक्ष टिकणार नाही. मग बसण्याची रचना, आत-बाहेर जायच्या वाटा. मग टेबलावरची उपकरणं. गरज नसलेली एकही वस्तू तिथे नको, आणि असलेली प्रत्येक सगळ्यांना दिसली पाहिजे. आकृती कच्ची असली तरी चालेल, पण असावी. वक्त्यानं श्रोत्यांकडे पाठ फिरवू नये. टेबलाला चिकटून खांबासारखं उभं राहू नये, पण उगाच हातवारेही नकोत. घाई नको. सारखी माफी मागत बसू नये. टाळ्यांसाठी गळ टाकून बसू नये, हे तर त्याला फारच खटकलेलं दिसतं. सुरुवातीलाच श्रोत्याच्या मनात एक ज्योत पेटवायची आणि ती शेवटपर्यंत मंद होऊ द्यायची नाही. आणि एक तास पुरे.

कॉलेजच्या सेमिनारमध्ये स्क्रीनकडे तोंड करून ४२ स्लाइड्स वाचून दाखवणारे आपण सगळे (यात मीही आलो) या यादीत कुठे ना कुठे सापडतो. पडदा नव्हता, प्रोजेक्टर नव्हता, तरी दोष तेच. श्रोत्यांकडे पाठ करायला निमित्त म्हणून फळा पुरत असणार.

त्यानंतर दीड वर्ष तो डेव्हींबरोबर युरोपभर फिरला. तिथे मोठमोठे शास्त्रज्ञ पाहायला मिळाले आणि लेडी डेव्हींकडून नोकरासारखी वागणूकही. परतल्यावर १८१६ च्या जानेवारीत त्यानं पहिलं व्याख्यान दिलं, टॅटम यांच्याच सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत. म्हणजे आपल्यासारख्याच कामकरी, होतकरू पोरांसमोर. मोठ्या मंचावर एकदम उडी मारली नाही. त्याच वर्षी पहिला छोटासा शोधनिबंध छापून आला, इटलीतल्या टस्कनीच्या चुन्याच्या पृथक्करणावरचा.

१८१८ मध्ये त्यानं बेंजामिन स्मार्ट नावाच्या वक्तृत्वाच्या शिक्षकाची शिकवणी लावली. एका धड्याला अर्धी गिनी, म्हणजे साडेदहा शिलिंग. पाच वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हाचा आठवड्याचा पगार २५ शिलिंग होता, यावरून अंदाज करा. आवाज, श्वास, उच्चार, हातांची हालचाल यांवरची त्याची टिपणं १३३ पानं भरली. शिवाय पाच-सहा मित्रांचं एक टोळकं जमवलं. प्रत्येकानं काहीतरी लिहून आणायचं, वाचायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. त्यातला एडवर्ड मॅग्राथ पुढे फॅरेडेच्या व्याख्यानांना येऊन बसायचा, ऐकायला नव्हे, तर चुका टिपायला. उच्चार कुठे घसरला, वाक्य कुठे अडखळलं, सगळं. स्मार्ट यांनाही त्यानं पुढे आपल्या भाषणांना येऊन चुका काढायला सांगितलं होतं. अँडरसनच्या कार्डाची वंशावळ ही अशी आहे.

एवढं सगळं शिकलेला माणूस १८२१ मध्ये ठेचकाळला, तोही बोलण्यात नाही, लिहिण्यात.

त्या सप्टेंबरात त्यानं विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरती ठेवून दाखवली. आजच्या पंख्या-मिक्सरच्या मोटारीचं हे मूळ. आनंदाच्या भरात, सारा बर्नार्डशी लग्न होऊन जेमतेम तीन महिने झाले होते तेव्हा, त्यानं घाईनं निबंध लिहून छापायला दिला. आता अडचण अशी, की त्याच वर्षी विल्यम वॉलस्टन या ज्येष्ठ शास्त्रज्ञानं डेव्हींबरोबर रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असाच काहीसा प्रयत्न केला होता. त्यांना तार स्वतःभोवतीच फिरवायची होती आणि ते जमलं नव्हतं. फॅरेडेचा प्रयोग वेगळा होता, पण त्यांची चर्चा त्याच्या कानावर आलेली होती. छापण्याआधी तो वॉलस्टन यांना गाठायला गेला, तर ते गावाला गेलेले. निबंधात त्यांचं नाव आलं नाही.

एक वाक्य राहिलं. तेवढ्यावरून लंडनच्या विज्ञानवर्तुळात कुजबुज सुरू झाली, की लोहाराच्या पोरानं मोठ्या माणसाची कल्पना पळवली. फॅरेडे हादरला. त्यानं वॉलस्टन यांना पत्र लिहून भेट मागितली, आपली बाजू मांडली. वॉलस्टन यांनी फारसं ताणलं नाही, पण कुजबुज थांबायला वर्षं लागली. १८२३ मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी त्याचं नाव पुढे आलं तेव्हा अध्यक्ष होते डेव्ही, आणि आपल्याच शिष्याला त्यांचा विरोध होता. अर्ज मागे घे, असंही त्यांनी त्याला सांगितलं. त्यानं घेतला नाही. जानेवारी १८२४ मध्ये तो निवडून आला, विरोधात एक मत पडलं. ते कुणाचं, याचे तर्क आजही चालतात.

माझ्या मते त्याच्या लेखनातली खरी सुधारणा इथून सुरू होते. स्मार्ट यांच्या शिकवणीतून वळण मिळालं असेल, पण कुणाचं काय घेतलं आणि आपलं काय, हे ओळीओळीत स्पष्ट ठेवायची शिस्त या जखमेतून आली. पुढे त्यानं आपल्या शोधनिबंधांतल्या परिच्छेदांना ओळीनं क्रमांक दिले, म्हणजे कुठल्या विधानाचा आधार मागे कुठे आहे ते वाचणाऱ्याला नेमकं सापडावं. प्रयोगांच्या डायरीलाही तेच. ती अखेर सोळा हजारांच्या वर गेली. फसलेले प्रयोगही त्यात तितक्याच इमानानं लिहिलेले आहेत.

तरी दुसरा फटका बसलाच. २९ ऑगस्ट १८३१ ला त्यानं लोखंडी कड्यावर दोन बाजूंना तारा गुंडाळून चुंबकत्वातून वीज मिळवली. नोव्हेंबरात निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. डिसेंबरात उत्साहानं पॅरिसच्या एका मित्राला पत्रातून कळवलं. ते पत्र तिथल्या अकादमीत वाचलं गेलं, त्याची बातमी इटलीत पोचली, तिथल्या दोघांनी प्रयोग करून निबंध छापला आणि मासिकाचा जुना अंक रखडल्यामुळे त्यावर तारीख पडली नोव्हेंबर १८३१ ची! वरवर पाहणाऱ्याला वाटावं, इटलीवालेच पहिले. त्यांनी फॅरेडेचं नाव दिलेलं होतं, तरी त्याला मनस्ताप झालाच. मार्च १८३२ मध्ये, चुंबकाचा परिणाम पसरायला वेळ लागत असावा ही आपली कल्पना त्यानं लाखबंद लखोट्यात घालून रॉयल सोसायटीत ठेवून दिली. तो लखोटा १९३७ मध्ये उघडला गेला. आणि विल्यम क्रूक्स या तरुण रसायनशास्त्रज्ञाला त्यानं दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे, काम करावं, ते पुरं करावं आणि मग छापून टाकावं. क्रम महत्त्वाचा.

शब्दांच्या बाबतीतही तो असाच काटेकोर झाला. द्रावणातून वीज जाते तेव्हा तारांच्या टोकांना तेव्हा ध्रुव म्हणत. फॅरेडेला तो शब्द नको होता, कारण ध्रुव म्हटलं की ते टोक कणांना ओढून घेतं असं आपण आधीच मान्य केल्यासारखं होतं. नाव असं हवं, की ज्यात सिद्ध न झालेला सिद्धांत लपलेला नसेल. ग्रीक त्याला येत नव्हतं. म्हणून आधी त्यानं आपल्या डॉक्टर मित्राला विचारलं, मग १८३४ मध्ये केंब्रिजच्या विल्यम व्हेवेल यांना. पत्रापत्री झाली, त्याचे स्वतःचे शब्द बाद झाले आणि त्यातून अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द आले. वर जायची वाट, खाली जायची वाट आणि जाणारा, एवढाच त्यांचा अर्थ. मराठी पुस्तकात आपण धनाग्र आणि ऋणाग्र शिकतो. ते शब्द सोपे आहेत, पण फॅरेडेची ती सावधगिरी त्यांत आलेली नाही.

एव्हाना तो रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता. संस्थेच्या तिजोरीत खडखडाट असायचा, वर्गणीदार टिकवायचे तर लोक यायला हवेत. १८२० च्या दशकाच्या मध्यावर त्यानं शुक्रवारची भाषणं सुरू केली. मुलांसाठी नाताळची व्याख्यानंही त्याच सुमारास संस्थेत सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात नाताळच्या १९ मालिका त्यानं एकट्यानं दिल्या. नव्या वक्त्याला तो सांगायचा, की हात उघडला तर हातातला दगड खाली पडेल असं म्हणायचं असेल, तर हात उघडून दगड पाडून दाखवा. सगळ्यांना माहीत असतं म्हणून सोडून देऊ नका. ताकदवान चुंबक दाखवायचा तर कोळशाने भरलेली बादली, शेगडीची सळई, चिमटा असं उचलून तो त्या चुंबकावर फेकायचा आणि ते सगळं धाडकन चिकटायचं. पोरं खूश! १८३६ मध्ये त्यानं बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा पिंजरा त्या व्याख्यानगृहात उभा केला, बाहेरून विजेच्या ठिणग्या उडवल्या आणि आपण उपकरणं घेऊन आत बसला. आत विजेचा मागमूस नाही. गडगडाटात मोटारीत बसलेलं बरं असं आपण म्हणतो, ते याच जोरावर.

सगळ्यात गाजली ती मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं. विषय ऐकून कुणी म्हणेल, यात काय बोलणार? तो ज्योतीपासून सुरू करतो. वितळलेलं मेण वातीतून वर कसं चढतं? हे सांगायला तो टॉवेलचं उदाहरण देतो, जो बादलीच्या काठावर टाकून विसरलो तर पाणी टॉवेलातून चढून जमिनीवर येतं. मेणबत्ती हलकेच विझवतो आणि पेटती काडी वातीपासून दोन-तीन इंच लांब, वर जाणाऱ्या वाफेत धरतो. ज्योत उडी मारून वातीवर परत येते. म्हणजे जळते ती वाफ. मग ज्योतीवर थंड भांडं धरून पाण्याचा थेंब मिळवतो. आगीतून पाणी! तिथून हायड्रोजन, ऑक्सिजन, हवा, कार्बनिक आम्ल वायू, आणि शेवटी आपला श्वास. आपणही आत सावकाश जळत असतो, इथपर्यंत तो दहा-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन जातो. एकही पायरी गाळत नाही. मालिका आधी १८४८ मध्ये झाली. १८५० मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी त्याची टिपणं मागून घेतली आणि आपल्या साप्ताहिकात त्यावर लेख छापले. १८६०-६१ च्या नाताळात त्यानं ती पुन्हा दिली आणि क्रूक्सनं तिचं पुस्तक केलं.

व्याख्यानगृहाबाहेरही तो असाच बोलायचा. जुलै १८५५ मध्ये बोटीनं टेम्सवरून जाताना नदीची घाण त्याला असह्य झाली. त्यानं पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ओले केले आणि प्रत्येक धक्क्याशी पाण्यात सोडले. इंचभर खाली जायच्या आत, लख्ख उन्हातही, ते दिसेनासे झाले. हे त्यानं टाइम्सला पत्र लिहून कळवलं. आकडेमोड नाही, जड शब्द नाहीत. कार्डाचा तुकडा कुणालाही कळतो. तीन वर्षांनी उन्हाळ्यात नदीच्या दुर्गंधीनं पार्लमेंटच हैराण झाली, तेव्हा कुठे मोठ्या गटारांचं काम हललं.

एक उणीव मात्र त्याला शेवटपर्यंत सलली. गणित. त्याच्या निबंधांत समीकरणं नाहीत. त्यानं कागदावर लोखंडाचा कीस पसरून चुंबकाभोवतीच्या रेषा पाहिल्या, आणि त्या बलरेषा खरोखर आहेत असं तो म्हणू लागला. गणिती मंडळींना ही बाइंडरची चित्रकला वाटत होती. मग जेम्स क्लार्क मॅक्सवेल हा विशीतला तरुण आला. त्यानं ठरवून आधी फॅरेडे वाचला आणि त्या रेषांना गणिताचं रूप दिलं. १८५७ मध्ये त्याचा निबंध हाती आला तेव्हा एवढं गणित बघून आपण आधी घाबरलोच होतो, असं ६५ वर्षांच्या फॅरेडेनं त्याला कळवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी एक पत्र लिहिलं. त्यात विचारणा होती, की गणितज्ञ आपल्या निष्कर्षाला पोचल्यावर तेच साध्या भाषेत, समीकरणांइतक्याच पूर्णपणे सांगू शकणार नाही का? चित्रलिपीतून ते बाहेर काढून दिलं, तर आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. यात टोमणा नाही. ज्यानं आयुष्यभर लोकांसाठी भाषांतर केलं, तो आता स्वतःसाठी ते मागत होता. पुढे मॅक्सवेलनं आपल्या ग्रंथात नोंदवलं, की फॅरेडेची पद्धतही गणिताचीच आहे, फक्त चिन्हं रूढ नाहीत.

१८४० च्या सुमारापासून त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती. आठवायचं राहून जाऊ नये म्हणून डायरी, क्रमांक, चिठ्ठ्या यांवर त्याची भिस्त वाढत गेली. १८६१ मध्ये नाताळची व्याख्यानं थांबली. शेवटचं शुक्रवारचं भाषण २० जून १८६२ ला झालं. विषय सीमेन्स यांच्या गॅसभट्टीचा. त्या संध्याकाळी दाखवता दाखवता हातातली टिपणं चुकून ज्योतीत भाजली आणि तो गोंधळला, असं सांगतात. समोर बसलेल्यांतल्या कित्येकांनी त्याला वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. भाषणाच्या शेवटी आपली स्मृती आता साथ देत नाही, म्हणून इथून निवृत्त होतो, असं त्यानं सांगितलं. हा निरोपही त्यानं ऐन वेळेवर सोडला नव्हता. टिपणांत, भट्टीच्या मुद्द्यांखाली, त्याचेही मुद्दे त्यानं लिहून आणले होते.